जपानी वाडग्याची सासरवाडी

"आहेर माघारी मागत न्हाईत ह्ये मला नको शिकवू, अंकुशा! तुझ्या घरात जी वाटी हाय तिचा नवरा हितं माझ्या फळीवर आठ दिस झालं उपाशी बसलाय. शीतभर भात पोटात ठरू देईना!"

अंकुशा म्हंजी बाळनाथ घुल्याचा मेव्हणा. त्यानं फोन कवाच ठेवला व्हता. बाळनाथ बोलतच व्हता. घरात ऐकायला दुसरं कुनी न्हवतं. बायको सरूबाई त्याच मेव्हण्याकडं, आन ती बी समितीच्या हुकमानं.

झालं असं. जपानला नोकरीला गेलेल्या पुतण्यानं चुलता-चुलतीला भात खायचा चिनीमातीचा जोडा धाडला. निळा वाडगा नवऱ्याचा, लहान तांबडी वाटी बायकोची. दोघं रीतसर लग्नाचे. खोक्यात तसा शिक्क्याचा कागद व्हता. बाळनाथानं कागद चुलीत टाकला. पुढं अंकुशाची वास्तुशांत आली. आहेराला काय न्यावं? दोन भांडी हाईत, एक दिलं तर काय बिघडलं? त्यानं वाटी रुमालात बांधली आन देऊन आला.

दुसऱ्या दिशीपासून वाडग्यात घातलेला भात उडी मारून ताटात यायला लागला.

"तुमी त्येची बायको वाटून आलाव," सरूबाई म्हनली.

"भांडं हाय ते!"

"म्हनून त्येला संसार न्हाई व्हय?"

ती तडक गेली गावच्या तंटामुक्ती समितीकडं.

समितीनं वाडग्याचा जबाब घेतला. त्येला अंगठा न्हाई, तवा बूड शाईत टेकवून कागदावर गोल उठवला. अध्यक्ष गेनूआप्पा चष्मा पुसत म्हनले, "बाळनाथ, तू दुसऱ्याचा जोडा तोडला. त्यो जुळंस्तवर तुझा बी तुटलेला. सरूबाई भावाकडं ऱ्हाईल."

"आप्पा, मला चूल पेटवता येत न्हाई!"

"त्ये समितीच्या कामात येत न्हाई."

तवापासून बाळनाथ चुरमुऱ्यावर व्हता. म्हनून आज त्यानं अंकुशाला फोन करून वाटी मागितली, आन अंकुशानं रीत सांगून फोन आपटला.

दुपारी समिती बाळनाथाच्या ओसरीवर बसली. गेनूआप्पा म्हनले, "अंकुश बरोबर हाय. आहेर माघारी येत न्हाई. मग वाडग्यानंच घरजावई म्हनून जावं. जातो का रं?"

वाडग्यानं गोल उठवला. शाई लावायच्या आधीच.

"संपलं!" बाळनाथ खुशीत वरडला. "सरूला म्हनावं, सांजच्या गाडीनं निघून ये."

आप्पांनी तिथंच फोन लावून हुकूम कळवला. सरूबाईचा आवाज समद्यांनी ऐकला.

"पंचवीस वरसं म्हायेरी आले की त्येंचा एकच निरोप, निघून ये. न्यायला एकदा बी उंबऱ्यात आले न्हाईत. ह्यो परदेशी वाडगा बायकोपायी गाव सोडतोय. त्येंना म्हनावं, चुरमुरं संपलं की दुकानात मिळत्यात."

फोन बंद. समितीनं इतिवृत्त लिवलं, सह्या केल्या, च्या न मागता उठून गेली.

बाळनाथ वाडग्याफुडं उभा ऱ्हायला. "लाज न्हाई वाटत? सासरवाडीत तुकडं मोडणार? लोक काय म्हनतील?"

वाडग्याला त्येचं काय न्हवतं. त्यो धुवून पुसून तयार बसला व्हता.

बाळनाथानं लई शिव्या घातल्या. वाडग्याला, आप्पांना, जपानला. मंग दाढी केली. ठेवणीतलं धोतर काढलं. वाडगा पटक्यात नीट गुंडाळला आन मेव्हण्याला परत फोन लावला. अंकुशा हॅलो म्हनायच्या आत बाळनाथ वरडला:

"फाट्यावर गाडी घेऊन ये. दोन जावई येत्यात. भात टाकायला सांग."