बटणांची मोटार

आमच्या गल्लीत रोज सकाळी बगाडे मास्तर मोटारीची बटणं काढत.

वाचताना तुमची चूक झालेली नाही, बटणंच. मास्तर शिंपी होते. नगरशेजारी भिंगारला लष्कराची छावणी आहे, तिथल्या साहेबलोकांचे कपडे शिवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. मोटार दारात आली तेव्हा दुसऱ्या कोणीही तिच्यावर ताडपत्री टाकली असती. मास्तरांनी टेप घेतली, मोटारीभोवती दोनदा फिरले आणि जाड खाकी कापडाचा तिच्या मापाचा कोट शिवला. पुढून बटणपट्टी, आरशाला एक आखूड बाही, आणि बॉनेटवर झाकणाचा खिसा. त्या खिशात तंबाखूची चंची असे. कोटाला कॉलरसुद्धा होती. मोटारीला मान नसते, मग कॉलर कशाला, असं मी एकदा विचारलं. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"लष्करी कोटाला कॉलर लागतीच. मापात बोलावं माणसानं."

'मापात बोला' हे त्यांचं पालुपद. भाजीवालीला, एस.टी.च्या कंडक्टरला, कीर्तनकाराला, सगळ्यांना ते हेच सांगत. स्वतः मात्र बोलायला बसले की ताग्याच्या ताग्याने बोलत.

मोटार होती जुनी, विलायती आणि इवलीशी. पुढे दोन माणसं बसत आणि मागे दोन, पण मागच्या दोघांचं एकमेकांशी बरं असावं लागे. छावणीतल्या एका मेजरसाहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांच्या बाईसाहेबांनी जाता जाता ती मास्तरांना स्वस्तात देऊन टाकली होती. गल्लीने तिचं नाव ठेवलं ठकी. मास्तरांना ते नाव मुळीच आवडत नसे. ते नुसतं 'गाडी' म्हणत, पण अशा आवाजात की ऐकणाऱ्याने जरा सरळ उभं राहावं.

मी तेव्हा विमा कंपनीच्या नगरच्या कचेरीत कारकून होतो आणि मास्तरांच्या समोरच्या खोलीत राहत होतो. सरकारने नुकत्याच या सगळ्या कंपन्या ताब्यात घेतल्या होत्या. पाट्या बदलायच्या होत्या, टेबलं तीच होती आणि कोणता नियम आजपासून आणि कोणता उद्यापासून हे आम्हालाही नीट ठाऊक नव्हतं. त्यात मास्तरांच्या गाडीचा विमा संपला. इतकी वर्षं पुण्याचे एक टोपीवाले एजंट येत, मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, हातचा चहा घेत, मास्तरांकडून एक सदरा शिवून घेत आणि हप्त्याचं 'बघून घेत'. कंपनी सरकारजमा झाली तसे ते एजंट जे गेले ते पुन्हा दिसले नाहीत.

"वसंता," मास्तर एका सकाळी म्हणाले, "गाडीचा कागुद सपला. तू हायेस तिथं, स्वस्तातला एक दे बघून."

घरी मी 'वसंता' असे. तेच मास्तर अकरा वाजता कचेरीत आले की मी 'साळवेसायेब' होई. घासाघीस करायची असली म्हणजे ते नेहमी समोरच्याला आधी मोठं करून घेत.

विम्याची घासाघीस होत नाही, हे त्यांना पटवताना माझ्या नाकी नऊ आले. कोथिंबिरीची जुडी घ्यावी तसे ते विमा घ्यायला बसले. "मागच्या सीटचं वजा करा, मागं कुनी बसत न्हाई. पावसाळ्यात गाडी भाईर काढत न्हाई, ते महिने वजा करा. चोरीचं तर काढूनच टाका. ही चोरायला चोराला आधी ढकलनारी मानसं आनावी लागतील." आमच्या कचेरीतला शिपाईदेखील हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांना खरोखरच सगळं वजा करून हवं होतं.

"आणि विम्याशिवायच काढली गाडी तर?" मी थट्टेने म्हणालो. "नाक्यावरचा पोलीस तुमच्याकडूनच गणवेश आल्टर करून घेतो की."

"पोलिसाला कोन भितंय," मास्तर म्हणाले. "म्हशीचं इसरलात व्हय?"

म्हशीचं कोणी विसरणं शक्यच नव्हतं. विमा संपला त्याच आठवड्यात एक म्हैस उभ्या गाडीला अंग घासून गेली होती आणि पुढचं मडगार्ड आत गेलं होतं. इतक्या वर्षांत गाडीला ओरखडा नव्हता. कागद संपला आणि म्हैस आली. त्यातून मास्तरांनी काय अर्थ काढला होता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. त्यांच्या गाडीत काचेपाशी खंडोबाची तसबीर होती आणि तिच्याच मागे तो विम्याचा कागद घडी करून खोचलेला असे, हे मी रोज पाहत होतो, तरीही.

घाईचं कारण मात्र मला ठाऊक होतं. ते कारण म्हणजे काकू.

काकूंचं माहेर शेवगावच्या पुढे. त्यांना एस.टी. लागत असे, आणि ती साधीसुधी नव्हे. भिंगार मागे पडायच्या आत त्या पांढऱ्या पडत आणि पुढे दोन दिवस उठत नसत. त्यापायी किती वर्षं त्यांचं माहेर सुटलं होतं. ठकीत मात्र त्यांना काही होत नसे. खिडकी उघडी, मास्तरांचा वेग बैलगाडीला लाजवणारा, काकू आरामात पोचत. गाडी आल्यापासून दर वर्षी त्या एकदा आईला भेटून येत. मूलबाळ नसलेल्या त्या बाईला तेवढाच एक सण होता.

आणि यंदा शेवगावच्या बाजाराहून आलेल्या माणसाने निरोप आणला होता की म्हातारीने अंथरूण धरलंय आणि सारखं लेकीचं नाव घेतेय. काकूंनी पिशवी भरून दाराच्या आड ठेवली. त्या पिशवीला वळसा घालून मास्तर रोज कचेरीत येत आणि माझ्याशी वाद घालत.

शेवटी मीच पुढाकार घेऊन आमच्या साहेबांना सगळं सांगितलं. साहेब पुण्याचे, माणूस सज्जन. ते म्हणाले, "इतक्या जुन्या गाडीचा पूर्ण विमा उतरवायचा तर पाहिल्याशिवाय नाही. गुरुवारी येतो." मी घरी येऊन मास्तरांना बाजूला घेतलं आणि आतली गोष्ट सांगितली. "गाडीची किंमत जितकी कमी धरतील, तितका हप्ता कमी. तेव्हा ती पुसू नका, धुऊ नका. म्हशीचा पोचा तसाच राहू द्या. जेवढी गरीब दिसेल तेवढं बरं."

मास्तरांनी मान डोलावली. मी निर्धास्त झोपलो.

गुरुवारी साहेबांना घेऊन गल्लीत शिरलो आणि जागीच थांबलो. दारात रांगोळी होती. ठकी न्हाऊनमाखून उभी होती. मडगार्ड ठोकून सरळ केलेलं, चाकांना काळं पॉलिश, बॉनेटवर झेंडूचा हार. अख्खी गल्ली धुतलेले कपडे घालून ओट्यांवर बसली होती. मास्तर स्वतः कोट घालून उभे होते आणि आतून पोह्यांच्या फोडणीचा वास येत होता.

"मास्तर, हे काय केलंत?" मी दातओठ खात कुजबुजलो.

"आरं, बघायला पाव्हनं येनार आन पोरगी पारोशी ठिवू?"

"आमच्या दारी बघायला कोण आलंय आजपर्यंत," काकू पोह्यांची बशी माझ्या हातात देत म्हणाल्या. "येऊ द्या की एकदा." मी पोहे खाल्ले.

साहेबांनीही पोहे खाल्ले, गाडीभोवती फिरले, दार उघडून बंद केलं. त्यांना बिचाऱ्यांना मास्तरांचं भलंच करायचं होतं. "हार काढला तर गाडी जुनीच आहे," ते हसून म्हणाले. "असं करू, भंगाराच्या भावाने किंमत धरू. तुम्हाला हप्ता अगदी थोडा पडेल."

"भंगार?" मास्तर म्हणाले.

मी त्यांचा कोट मागून ओढला. काही उपयोग झाला नाही. कोथिंबिरीसाठी पाऊण तास भांडणारा माणूस स्वतःच्या गाडीचा भाव चढवायला लागला. इंजिनाचा आवाज ऐका म्हणाले. गादीची शिवण बघा, दुहेरी हाय, मी घातलीय म्हणाले. अंगावरचा कोट बाजूला टाकून त्यांनी गाडीचा कोट आणला आणि त्याची बटणपट्टी दाखवली. गल्लीही पेटली, ज्या लोकांनी तिला ठकी म्हणून हिणवलं ते आता तिचे गुण सांगू लागले. साहेब सज्जन खरे, पण तेही माणूसच. वैतागून त्यांनी मास्तर म्हणाले ती किंमत लिहून घेतली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्या किमतीवरचा हप्ता ऐकून मास्तर माझ्या टेबलासमोरच्या बाकावर मटकन बसले. एवढे पैसे त्यांच्यापाशी नव्हते.

"आता थर्ड पार्टी तेवढी घ्या," मी म्हणालो. रागावलो होतो, तरी त्यांचं तोंड पाहून मला वाईट वाटत होतं. "सगळ्यात स्वस्त तीच. कायद्याला तेवढी चालते."

"त्यात काय काय येतं?"

"तुमच्या गाडीने दुसऱ्या कोणाला लागलं तर त्याला भरपाई."

"माज्या गाडीनं कुनाला लागायचं? सायकली माज्या पुढनं जात्यात. आन आत बसनाऱ्याचं?"

"ते त्यात नाही. हवं तर वेगळं घेता येतं, माणशी."

मास्तर एकदम टवटवीत झाले. "मग डाव्या सीटचं तेवढं घाला. ती बसती तिथलं. बाकी सगळं ऱ्हाऊ दे. म्हंजी तिला आता काई व्हनार न्हाई."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला वाटत होतं की विमा उतरवला की अपघात होतच नाही. इतकी वर्षं खंडोबाने आणि त्या कागदाने मिळून गाडी सांभाळली होती, आणि कागद गेल्याबरोबर म्हैस आली होती. म्हणून ते काकूंना घेऊन निघत नव्हते.

"मास्तर," मी म्हणालो, "विम्याने अपघात टळत नाही. अपघात झाला, तर पैसे मिळतात."

"झाल्यावर?"

"झाल्यावर."

"आन ती म्हस?"

"कागद असता तरी म्हैस आलीच असती."

मास्तर बराच वेळ माझ्या टेबलाची कड बोटाने चाचपत राहिले, कापडाचा पोत पाहावा तशी. मग म्हणाले, "तिला काई झालं, तर पैशे कुनाला?"

"तुम्हाला."

"ते घेऊन मी काय करू?"

ते काही विमा कंपनीला विचारत नव्हते.

"तिचा नगं मग," ते हळूच म्हणाले. "वसंता, माजा घाल. तिला आता सुईत दोरा ववता येत न्हाई, दिसत न्हाई. माज्या मागं तिला कोन हाय?"

कचेरीत त्यांनी मला वसंता म्हटलं ते त्या एकदाच. थर्ड पार्टी धरून हप्त्याचा आकडा मी सांगितला आणि घासाघीस ऐकायच्या तयारीने बसलो, पण त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून पैसे काढून ठेवले आणि निघून गेले.

कागद तयार झाल्यावर मी तो मास्तरांना देऊन आलो. ते दोघं वेळेत पोचले, म्हातारीने लेकीला ओळखलं, तिच्या हातचं खाल्लं, हे सगळं मला मागाहून काकूंनी सांगितलं. मला आठवते ती त्यांची निघायची सकाळ.

गाडीचा कोट घडी करून मागच्या सीटवर ठेवला होता, शेजारी काकूंची पिशवी. काकू पुढे डावीकडे बसल्या होत्या, आणि त्यांच्या अंगावर खांद्यापासून कमरेपर्यंत एक रुंद खाकी पट्टा होता. आतून कापूस भरून टाचलेला, छावणीतल्या कपड्यांना असते तशी पितळी बक्कल लावलेला, आणि दोन्ही टोकांनी गाडीच्या लोखंडाला पक्का बांधलेला. गाडीत असं काही मी तोवर कुठे पाहिलं नव्हतं.

"बघ रे वसंता, घोड्याला तंग बांधावा तसं बांधलंय मला," काकू म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं आणि ते लपवायचंही होतं.

"कागुद धरून ठेवत न्हाई म्हनलास ना तू," मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले. "म्हनून शिवला." त्यांनी वाकून बक्कल पुन्हा एकदा ओढून पाहिली, पट्टा काकूंच्या मानेला टोचत तर नाही ना, म्हणून खाली बोट घालून पाहिलं. मग वळसा घालून आपल्या बाजूला येऊन बसले. त्यांच्या सीटला पट्टा नव्हता.

"मास्तर, तुमचा कुठे आहे?" मी विचारलं.

"मला विमा हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी गाडी सुरू केली.