नळाचे उत्सवीं विहीर बुजविली त्याची हकीकत

श्री नगरदेवता प्रसन्न असो, आणि पुढील मजकूर वाचतेवेळीं तिनें क्षणभर डोळे मिटोन घ्यावे, येवढी प्रार्थना करून सेवक लिहितो. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाखमास. ते समयीं राजधानी ऐसी वाढली कीं, काल जेथें ज्वारी डोलत होती तेथें आज बारा मजले उभे, आणि उड्डाणपूल जाहले, आणि मेट्रो धावों लागली, आणि दुष्काळी मुलखांतून हजारों माणसें कामास आलीं. गांवीं चूल पेटत नव्हती ती येथें पेटली, आणि लेकी शाळेस जाऊं लागल्या. हें राज्याचें भाग्यच म्हणावें. मग त्या माणसांनीं इमारतींच्या सावलीस पत्र्याची वस्ती केली, आणि तेथें एक जुनी विहीर होती तिजवर अवघ्यांची तहान भागत असे.

मग राज्याचे धनी श्रीमंत, त्यांचे मनीं आलें कीं वस्तीस नळ द्यावा. विचार उत्तम. हुकूम सुटला, आणि तलावाकडून एका खात्यानें पाईप आणिले, आणि वस्तीकडून दुसऱ्या खात्यानें नेले, आणि मधें रस्त्याखालीं दोहोंची गांठ पडावी ती पडली नाहीं. उरलें काम पलीकडल्यांचें, ऐसें दोघेही बोलिले आणि जेवावयास गेले. मुहूर्त तर नेमिला होता. नगरकारभारी त्रिंबकराव हिकमती पुरुष. त्यांनीं मंडपामागें पाण्याचा टँकर लपवून नळ त्यास जोडण्याचें योजिलें. परंतु उत्सवीं श्रीमंतांनीं पूर्वाभिमुख बसावें ही दरबारची चाल, आणि तें आसन नेमकें विहिरीवर येतें. मग जेसीबी बोलाविला.

वस्तींत कोंडाबाई म्हणोन गवंड्याचे हाताखालीं राबणारी बाई, तिचा शब्द सारे मानीत. ती कारभाऱ्यांस आडवी जाहली आणि बोलिली, "सायेब, नळाला पानी येऊ द्या, चार दिस बघू द्या, मग खुशाल बुजवा. लेकरं हायेत आमची."

कारभारी हसोन बोलिले, "बाई, उद्यां दारांत पाणी येतें. विहिरीचा लोभ कशास?" आणि सांजेपर्यंत विहीर राडारोड्यानें भरली, आणि वर फरशी बसली, आणि फरशीवर गालिचा.

दुसरे दिवशीं श्रीमंत आले, आणि वाजंत्री वाजली, आणि नळ फिरविला तों पाणी धो धो पडलें, आणि वस्तीनें टाळ्या पिटल्या, कोंडाबाईनेंही पिटल्या. मग स्वारी गेली, आणि टँकर गेला, आणि नळ कोरडा पडला. पोरें डबक्यांतील पाणी पिऊन आजारी पडलीं, आणि कोंडाबाईची नात जुलाबांनीं अंथरुणास लागली. दोन्ही खातीं एकमेकांकडे बोट दाखवीत बसलीं. मग वस्तीनें कोणास न पुसतां पहारी घेतल्या, आणि ज्या हातांनीं राजधानी बांधिली त्याच हातांनीं सरकारी फरशी उखडोन विहीर उपसावयास घेतली.

हें श्रीमंतांचे कानीं गेलें आणि क्रोध आला, आणि फरशी कोणीं फोडिली तें पुसावयास स्वारी निघाली, कारभारी आणि आम्ही सेवक मागें. पोहोंचलों तों नुकतें पाणी लागलें होतें, आणि उन्हानें श्रीमंत तहानेले होते. त्या लोकांची चाल ऐसी कीं, विहिरीस पाणी लागलें म्हणजे पहिला तांब्या दारीं आलेल्या पाहुण्याचा. कोंडाबाई आजारी नातीस काखेंत घेऊन पुढें आली आणि तांब्या धरिला. बोलिली, "घ्या सरकार. उन्हातनं आलाव. जरा गढूळ हाय."

श्रीमंतांनीं तांब्या नातीकडे केला, तों कोंडाबाई बोलिली, "आदी तुमी. पाव्हणं तुमी." बोलण्यांत राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर बरें होतें. मग श्रीमंत प्याले, आणि फरशीची गोष्ट कोणीं काढिली नाहीं, आणि परततां कोणी कोणाचे तोंडाकडे पाहिलें नाहीं. लाज वाटली ती आजही वाटते.

इत्यर्थ, राजधानी वाढली, आणखीही वाढेल. परंतु जें नगर आम्ही आपलें म्हणत होतों, तेथें त्या दिवशीं आम्ही पाहुणे ठरलों. लिहिणें इतुकेंच.