पाच फूट आठ इंचांचं लेकरू

खुशालरावांना तीन वर्षं झोप नव्हती. जठारपेठेतल्या घरात पत्नी सत्यभामाबाई गेल्यापासून पलंग तोच होता, गादी तीच होती, पण डोळा काही लागत नव्हता. वैद्य झाले, हकीम झाले, तळपायाला काशाच्या वाटीनं तूप घासून झालं. शेवटी झोप आली ती सरकारी कायद्यातून.

अकोल्याबाहेर त्यांची कापसाची जिनिंग होती. सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांवर कापूस घालायला साठेक बाया येत. नव्या कायद्यानं फर्मावलं, की बायांच्या सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी वेगळी थंड खोली हवी, सांभाळायला बाई हवी. खुशालरावांनी कुरकुरत खोली बांधली, चुना मारला, माणिकबाईला ठेवलं. माणिकबाई वयानं साठीची, गळ्यानं पंचविशीची. तिच्या अंगाईला वेगळे शब्द नव्हतेच. समोर असतील तेवढ्या लेकरांची नावं ती सुरात ओवत जायची. ज्याचं नाव यायचं, ते झोपायचं.

एका दुपारी चुना नीट लागला का, हे पाहायला खुशालराव खोलीत गेले आणि खाटेवर जरा टेकले. भिंतीपलीकडे रेचे एका लयीत घरघरत होते. उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू वर जावं की खाली यावं, हे न ठरवता तरंगत होते. माणिकबाई कुणाकुणाची नावं घेत होती. खुशालराव उठले तेव्हा बाया घरी निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी लेकरांच्या झोळ्या बाहेर, खिडकीजवळच्या निंबाला टांगल्या गेल्या.

"लेकराइले हवा पायजे," खुशालराव म्हणाले.

"अन् तुमाले जी?" कारकून नत्थुजीनं विचारलं.

"मले भिंती पायजेत."

तेव्हापासून रोज दुपारी मालक आत, लेकरं बाहेर आणि अंगाई खिडकीतून. नाकात कापूस जाऊ नये म्हणून नत्थुजी मालकांवर डोक्यापासून गोधडी टाकायचा. फाल्गुनात निंबाची पानं झडली, तशी बायांतली अकीला रेच्यावरून उठून आली.

"मालक, पोराच्या तोंडावर ऊन येऊन राह्यलं."

"पालवी फुटनच ना दोन दिवसात," म्हणत खुशालराव खोलीकडे चालू लागले. मनात कुठंतरी टोचलं, पण झोप टोचण्याहून मोठी निघाली.

पालवीच्या आधी फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. पुण्याकडचे, काटेकोर, खिशात मोजपट्टी. लेकरामागं खोलीत किती जागा, ते मोजायचं होतं. ते थेट खोलीच्या दारात उभे राहिले. खाटेवर गोधडीखाली एक डोंगर श्वास घेत होता.

"हे काय?"

नत्थुजीची जीभ डोक्याच्या पुढं धावली. "लेकरू हाये साहेब. निजलं आता."

"घोरतंय."

"सर्दी झाली त्याले."

इन्स्पेक्टरांनी वाद घातला नाही. मोजपट्टी काढली, डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धरली आणि वहीत लिहिलं: 'बालक एक. लांबी पाच फूट आठ इंच.' मग म्हणाले, "बालकांचं रजिस्टर आणा."

आता लेकरू म्हटलं, तर ते रजिस्टरात हवंच. नत्थुजीनं कोपऱ्यात जाऊन घाईघाईनं लिहिलं: नाव खुशाल, वय तीन. आईचं नाव सुचेना. खिडकीतून माणिकबाई दिसली, तिचं घातलं. शाई ओली असतानाच इन्स्पेक्टरांनी रजिस्टर काखेत मारलं. खोलीचा एक खटला होता, खोट्या नोंदीचा दुसरा झाला.

वकिलानं खुशालरावांना पढवलं, "म्हणा, मी खोलीची तपासणी करून राह्यलो होतो."

"डोये मिटून?"

"मंग तुमीच सांगा बावा काय सांगायचं ते."

कोर्टात सगळी जिनिंग लोटली होती. मॅजिस्ट्रेटनी माणिकबाईला पुढं बोलावलं.

"हा खुशाल तुमचा मुलगा?"

माणिकबाईनं पदर सावरला. "साहेब, मले तीन लेकरं झाले. मिशा घिऊन एकबी नाई जलमलं."

कोर्ट हसलं. खुशालरावांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. वकील उठायच्या आत तेच उठले.

"साहेब, मी झोपलो होतो. बायको गेल्यापासून कोठीच झोप नाई. तेथीसा लागली. लेकराइची जागा हाये, हे मले मालूम होतं."

डोक्यावरचा पंखा करकरत राहिला. मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढून पुसला. "कायद्यात लेकरू म्हणजे सहा वर्षांच्या आतलं. तुमचं वय?"

"बावन्न."

"मग कोर्टाचा नाइलाज आहे." दोन्ही गुन्ह्यांचा दंड झाला आणि खोली त्याच दिवशी रिकामी करायचा हुकूम. दंडाचं खुशालरावांना काही वाटलं नाही. खोली म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा बाजारात आईचा हात सुटल्यासारखा झाला.

झोळ्या आत गेल्या. चार दिवस खुशालराव आवारात नुसते फिरत राहिले. पाचव्या दुपारी त्यांनी खाट उचलून निंबाखाली, खिडकीला लावून टाकली. पालवी फुटली होती. आत माणिकबाई नावं ओवत होती. अकीलाच्या पोराचं झालं, सगळ्यांची झाली. सूर जरा थांबला आणि मग हळूच, अगदी शेवटी, 'खुशाल' आला.

अकीला पाणी प्यायला आली होती, ती थबकली. "कायद्यानं आमच्या लेकराइले खोली देल्ली, अन् मालकाले झाड," ती पुटपुटली. मालकांनी ऐकलं नाही. ते झोपले होते.

महिन्याभरानं इन्स्पेक्टर हुकमाची अंमलबजावणी पाहायला परत आले. खोली मोजली, लेकरं मोजली. सगळं बरोबर. निंबाखालच्या गोधडीकडे पाहून त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं. मालकानं कुठं झोपावं याचं कलम सापडेना. अहवाल लिहायला ते खाटेच्या पायथ्याशी टेकले. रेचे घरघरत होते. एक तंतू तरंगत येऊन त्यांच्या मिशीवर बसला. दोन ओळी झाल्या, तिसरी वाकडी गेली आणि टाक बोटांतून सुटला.

नत्थुजीनं सवयीनं दुसरी गोधडी आणली आणि डोक्यापासून घातली. बाहेर फक्त सरकारी बूट राहिले.

खिडकीतून माणिकबाईनं डोकं काढलं.

"नत्थुजी," ती हळूच म्हणाली, "या सायबाचं नाव काय हाये हो?"