यंत्राची मातृभाषा

पुण्यास शासनाचे गणकयंत्र येत असून ते चालविण्याकरिता प्रत्येक जिल्ह्याने एक नवशिका प्रोग्रामर पाठवावा; तत्पूर्वी त्याने पहिली भाषा कोणती व कोणत्या पुस्तकातून शिकावी हे समितीने ठरवावे, असे परिपत्रक १९६७ साली धाराशिवच्या एका कचेरीत येऊन पोचले. यंत्राला भाषा असते याचे कचेरीत कोणालाच नवल वाटले नाही. माणसांची एकमेकांना कळत नव्हतीच. त्यात ही एक भर.

नाव गेले गफार कारकुनाचे. नवशिकेपणाचा एवढा दांडगा अनुभव दुसऱ्या कोणाला नव्हता. शाळेत तो उर्दू-फार्सी शिकला. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर 'आता मराठी' म्हणून परीक्षेला बसवला गेला, मग 'हिंदीही हवी' म्हणून पुन्हा बसवला गेला. आकड्यांचे मात्र त्याला लहानपणापासून वेड. आकडेमोड करणारे यंत्र एकदा हाताळावे, एवढीच हौस होती. पुढच्या साली तो वयाच्या अटीबाहेर जात होता.

समितीचे अध्यक्ष हेडक्लार्क मार्तंडराव. बिगरसरकारी सदस्य मुरुमचे अडतव्यापारी शरणप्पा.

"पर्याय दोन," मार्तंडराव म्हणाले. "पैकी एक फोरट्रान."

"फोर्ट म्हंजे किल्ला," शरणप्पा म्हणाले. "पण कंचा? नळदुर्ग का परंडा?"

परिपत्रकात खुलासा नसल्याने हा पर्याय पुरातत्त्व खात्याकडे अभिप्रायार्थ गेला.

दुसरा शब्द 'कोबॉल' होता. पण टंकयंत्राची मात्रा मोडलेली असल्याने तो 'काबाल' असा उमटला होता.

"काबूल असणार. टंकलेखकाचा हलगर्जीपणा," मार्तंडराव म्हणाले.

"मग फार्सी की हो! तिकडचा पठाण हिंग इकायला यायचा आमच्याकडं. त्यापरीस यंत्राला कानडी शिकवा. मुरुमचा निम्मा बाजार कानडीत चालतोय, हिशेब कदी चुकला न्हाय."

गफारला राहवेना. "साहेब, ही माणसांची भाषा न्हाय. यंत्रासाठीच केलेली हाय म्हणं."

"मग यंत्राची मातृभाषा कोणती, तेवढं सांगा."

"यंत्राला आई कुठं असती साहेब?"

"तर मग तो समाजकल्याणचा विषय. आपण फार्सी धरू."

पुस्तकाचा प्रश्न लगेच सुटला. गफारचेच शाळेतले फार्सीचे पुस्तक मंजूर झाले. त्याची पहिली पाने फाटलेली होती, म्हणून 'सुधारित आवृत्ती' असा शेरा पडला.

"म्हणजे तुम्हाला फार्सी येते?" मार्तंडरावांनी चष्मा वर केला.

'नाही' म्हणावे तर सेवापुस्तकात खोटी माहिती दिल्याचा ठपका. गफार म्हणाला, "थोडी थोडी."

"परिपत्रकात 'नवशिका' म्हटलं आहे. थोडी येणारा नवशिका कसा?"

उमेदवार असा हवा होता, की ज्याला काहीच येत नाही. समितीने सर्वत्र नजर फिरवली आणि ती अध्यक्षांवरच येऊन थांबली. मार्तंडरावांना काहीही येत नाही, हा ठराव एकमताने मंजूर झाला. त्यांनीही नम्रपणे सही केली.

घरी नसीमबीने विचारले, "मिली क्या जी, पूनेकी जगा?"

"नै मिली."

"कायकू?"

"मेरेकू थोडी फार्सी आती बोलके."

"और जिनकू मिली, उनो?"

"उनकू कुछच नै आता."

"फिर ठीक है," नसीमबी म्हणाली. "साहब बनिंगे."

आणि झालेही तसेच. पुण्यात कोणालाही फार्सी येत नसून आपला जिल्हा याबाबतीत आघाडीवर आहे, असा अहवाल देऊन मार्तंडराव बढतीवर परतले. 'नवशिक्याने पहिली भाषा कशी निवडावी' या विषयावर त्यांची व्याख्याने होऊ लागली. गफारची वयोमर्यादा उलटली होती. त्याला श्रोता म्हणून बसण्याची परवानगी मिळाली.

"साहेब," पहिल्याच व्याख्यानात त्याने विचारले, "यंत्र दिसायला कसं असतं?"

"खोलीला कुलूप असतं. पण बाहेर उभं राहिलं की आवाज छान येतो."

मग पालकांनी गर्दी केली. "साहेब, पोराला पहिली भाषा कंची लावावी?"

मार्तंडराव म्हणाले, "जी तुम्हाला अजिबात कळत नाही, ती."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तुम्हीही तेव्हापासून वाजवताच आहात. पोराच्या शाळेतून आलेली इंग्रजी चिठ्ठी मात्र अजून त्याच्याकडूनच वाचून घ्यावी लागते.