टेन्शनचं पथ्य

मनुष्याचं डोकं ही मुळात मर्यादित क्षेत्रफळाची स्थावर मिळकत आहे. तिच्या वरच्या अंगाला केसांची वहिवाट असते आणि आतल्या अंगाला काळजीची. एका जमिनीवर दोन कुळं सुखाने नांदली, असं रत्नागिरी जिल्ह्यात तरी आजवर कोणाच्या ऐकिवात नाही. एकाने हातपाय पसरले की दुसऱ्याला बोचकं उचलावं लागतं. आणि उठून जाणारं कूळ नेहमी केसांचंच असतं. (काळजीने कब्जा सोडल्याचं एकही उदाहरण नाही.)

हा सिद्धांत हेमलताच्या डोक्यावर सिद्ध झाला ते साल चौऱ्याऐंशी. हेमलता वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. लग्नाआधी तिची वेणी कमरेखाली जायची, बघायला आलेल्या मंडळींनी मुलीपेक्षा वेणीचीच चौकशी जास्त केली होती ("खरी हाय ना?"). पुढे बाबल्या झाला, तो चार महिन्यांचा होतो न होतो तोच ही वेणी हप्त्याहप्त्याने घरभर वाटली जाऊ लागली. फणीत, उशीवर, न्हाणीच्या मोरीत, बाबल्याच्या मुठीत. एके दिवशी सासरे काशीराम यांच्या आमटीतून एक केस निघाला. त्यांनी तो दोन बोटांत धरून वर उचलला, तर तो संपता संपेना. काशीरामांचं स्वतःचं डोकं नारळासारखं सोललेलं असल्यामुळे केस कुणाचा, या प्रश्नावर चर्चेला वावच राहिला नाही.

सासूबाई मथुराबाई मात्र खूश झाल्या.

"अगो, चांगला लक्षाण हाय. पोर हसाय लागला की आवशीचे केस जातात. लवूच्या वक्ताला माजा अंबाडा सुपारीएवढा झालता."

हा नियम कोकणात सर्वत्र लागू आहे. मूल हसू लागतं, आईचे केस गळतात. आळीतल्या दहापैकी अकरा बायकांनी (एक पाहुणी होती) याला दुजोरा दिला. वनस्पतिशास्त्रात पानगळीला निदान हंगामाचं कारण द्यावं लागतं. इथे तीही कटकट नाही.

अडचण एवढीच होती की बाबल्या हसत नव्हता.

हेमलताने टाळ्या वाजवल्या, खुळखुळा वाजवला, मांजर होऊन दाखवलं, भाकरीचं पीठ नाकाला लावून बघितलं. बाबल्या तिच्याकडे कचेरीतल्या कारकुनासारखा शांतपणे बघत राही. कागद अपुरे आहेत, उद्या या. वाचनालयातून आणलेल्या संगोपनाच्या पुस्तकात लिहिलं होतं की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बाळ आईला ओळखून हसतं. हे वाक्य तिने इतक्या वेळा वाचलं, की पुस्तक परत गेलं तेव्हा त्या पानात तीन केस होते. पोराचं काही बिघडलंय का, की पोराला आपण आईच वाटत नाही, यातलं जास्त वाईट कुठलं, हे तिला ठरवता येईना. आणि विचारायचं कुणाला?

तेव्हा शिकलेली बाई जे करते तेच तिने केलं. तर्क चालवला. मूल हसलं की केस गळतात. माझे केस गळताहेत. म्हणजे मूल हसतंय. माझ्यासमोर तर हसत नाही. त्याअर्थी ते दुसऱ्या कुणापाशी हसतंय.

त्या दिवसापासून तिने पाळत सुरू केली. संशयित तीन: सासूबाई, शेजारची ताजबी आणि माजघराच्या वाशावरची पाल. स्वयंपाक करताना एक कान पाळण्याशी, कपडे धुताना एक डोळा खिडकीशी. पाळतीमुळे झोप उडाली, झोप उडाल्यामुळे काळजी वाढली, काळजीमुळे केस दुप्पट जाऊ लागले. केस दुप्पट जातात, त्याअर्थी बाबल्या दुप्पट हसतोय. शास्त्रात यालाच पुरावा म्हणतात.

शेवटी नवऱ्याने, म्हणजे लवूने, तिला मुंबईहून नव्याने आलेल्या डॉक्टरांकडे नेलं. लवू सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळायचा. घरातून काही जावक होतंय हे त्याच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी केस वर केले आणि कानामागे चार आण्याच्या नाण्याएवढी गोल, गुळगुळीत, सफाचट जागा दाखवली. तिला आपल्याकडे चाई म्हणतात.

"बाळंतपणानंतर केस थोडेफार जातातच, ते परत येतात," डॉक्टर म्हणाले. "ही चाई मात्र मनावरच्या ताणाने पडलेली दिसते. भरून येईल. फक्त टेन्शन घेऊ नका."

रत्नागिरीत तेव्हा हा शब्द नवीन होता. घरी पोचेपर्यंत त्याचा अर्थ थोडा हलला.

"काय घेव नको म्हनाला डाक्टर?" मथुराबाईंनी विचारलं.

"टेन्शन," लवू म्हणाला.

"कशात असता ता?"

"कशातही असू शकतं आई."

मथुराबाई गंभीर झाल्या. कशातही असतं म्हणजे पथ्य कडक. त्यांनी संशयावरून त्याच संध्याकाळी वांगं बंद केलं. मग कुळथाचं पिठलं, बांगडा, दही आणि (नाव परकं वाटतं म्हणून) टोमॅटो. ताजबीच्या नवऱ्याने कुवेतहून पाठवलेला शॅम्पूही बंद झाला, कारण त्याच्या फेसातून ते आत जात असणार. मऊ भातात टेन्शन नसतं, याबद्दल घरात एकमत झालं.

काशीरामांचा मार्ग वेगळा होता. त्यांची आंब्याची काही कलमं होती. "मोहोर गळतो तवा आपन काय झाडाला इचारतो, बाबा तुला टेन्शन हाय काय? औषद मारतो." आणि ते पडवीतला फवारणीचा पंप खरोखरच झाडू-पुसू लागले.

"सुनेला मारताव की तुडतुड्यांना?" मथुराबाई कडाडल्या, तेव्हा पंप जागेवर गेला.

लवूने मात्र प्रश्न मुळातून हाताळला. रात्री जेवताना त्याने घराला तोंडी परिपत्रक काढलं. एक, हेमलतास चिंता वाटेल असे काहीही कळवू नये. दोन, कळवणे अपरिहार्य झाल्यास हसऱ्या चेहऱ्याने कळवावे. तीन, तिने स्वतःहून विचारल्यास "काही झालेलं नाही" असे एकच उत्तर सर्वांनी द्यावे. (परिपत्रक हेमलतासमोरच वाचण्यात आलं. तिच्यापासून ते लपवलं असतं तर तिला टेन्शन आलं असतं.)

आता, "काही झालेलं नाही" हे मराठीतलं सर्वांत भयंकर वाक्य आहे. न्हाणीत साप निघाला, दारात तार आली, कुणी विहिरीवर घसरलं, की पहिल्यांदा कानावर येतं ते हेच. हेमलता दिवसभर हे वाक्य ऐकू लागली. स्वयंपाकघरात भांडं पडलं, काही झालेलं नाही. बाबल्या शिंकला, काही झालेलं नाही. ती खोलीत आली की बोलणं थांबे आणि तिघं जण एकदम हसरे चेहरे करून तिच्याकडे बघत. घरात हसत नव्हता तो एकटा बाबल्या. त्यामुळे विश्वास ठेवावा असा तोच एक राहिला होता.

योजना अशी यशस्वीपणे चालू असताना एका दुपारी हेमलता ताजबीची वाटी परत द्यायला दोन आवारांमधल्या दगडी गडग्यापाशी गेली.

"काय गोड हसतो गो तुझा बाबल्या!" ताजबी म्हणाली. "काल तर खदाखदा—" आणि तिने जीभ चावली. लवूचं परिपत्रक मथुराबाईंमार्फत गडगा ओलांडून तिच्यापर्यंत पोचलेलं होतं. "नाय गो. काय झाला नाय."

हेमलताने वाटी गडग्यावर टेकवली की सोडून दिली, हे तिला नंतरही आठवलं नाही. मागच्या पडवीत पाळण्याशी काशीराम ओणवे झाले होते, डोकं थेट पाळण्यात. बाबल्या दोन्ही हातांनी ते तुळतुळीत डोकं तबल्यासारखं बडवत होता आणि हसत होता. आवाज काढून, हिरड्या दाखवून, उचकी लागेपर्यंत. मथुराबाई पदराने डोळे पुसत होत्या. जेवायला आलेला लवू भिंतीला टेकून हसत होता.

तिला बघून सगळे थांबले.

"काही झालेलं नाही," तिघं एका सुरात म्हणाले.

"कधीपासून?" हेमलताने विचारलं.

लवूने काशीरामांकडे बघितलं, काशीरामांनी मथुराबाईंकडे. शेवटी मथुराबाईंनीच तोंड उघडलं. "झाला म्हयना. पयल्यांदा ह्यांच्या टकलाकडं बघून हसला. तुज्याकडं बघून हसला असता तर लगेच सांगितला असता गो माजे बाय. नाय हसला, म्हनून म्हटला, कशाला उगाच तुला टेन्शन घालायचा?"

"कलम एक," लवू हळूच म्हणाला.

म्हणजे तिचा तर्क अचूक होता. मूल हसत होतं, केस गळत होते, आणि हसू दुसऱ्याच खात्यावर जमा होत होतं. तर्क खरा ठरल्याचा आनंद विज्ञानाच्या पदवीधराला व्हायला हवा. हेमलताला रडू आलं. ते दिसू नये म्हणून ती बाबल्याचं दुपटं सारखं करायच्या निमित्ताने पाळण्यावर वाकली. विरळ झालेली वेणी खांद्यावरून पुढे घसरली आणि कानामागची चाई उघडी पडली.

बाबल्याने तिच्याकडे नेहमीसारखं बघितलं. कागद अपुरे. मग त्याची नजर त्या गोल, गुळगुळीत जागेवर गेली. आजोबांचा माल, नमुन्यादाखल. त्याने एक ओलं बोट पुढे केलं, चाईवर टेकवलं, आणि हसला.

हेमलता पाठ भरून येईपर्यंत तशीच वाकून राहिली. मथुराबाई जेवायला बोलवायला आल्या आणि न बोलवताच परत गेल्या.

पुढे सगळं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे झालं. पथ्य सुटलं, बांगडा घरात आला, महिन्या-दोन महिन्यांत चाईवर बारीक लव उगवली. डॉक्टर म्हणाले, उत्तम, आता पूर्ण भरेल. लवूने योजना यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. काशीराम म्हणाले, औषद मारलं असतं तर आधीच आलं असतं.

हेमलता रोज दुपारी आरशात ती लव बघायची. लव वाढत होती. बाबल्या तिच्याकडे बघून आता कशानेही हसतो, चाई लागत नाही, असं सगळे सांगत. पण सगळे काय, हसऱ्या चेहऱ्यानेच सांगत. जागा पूर्ण भरली आणि तो हसायचा थांबला तर? या एका प्रश्नावर आठ-दहा दिवस तिला झोप नव्हती. मग एकदा केस विंचरताना दुसऱ्या कानामागे बोटाला काहीतरी गोल, गुळगुळीत लागलं. तिने तिथे केस ओढून घेतले. कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते घरात ठरलेलंच होतं.

आणि वाचकहो, मघापासून कानामागे चाचपणारा तो हात आता खाली घ्या. बोटांत काय आलं ते बघू नका. काही झालेलं नाही.