मोहितेभाऊजींचा दगड

मोहितेभाऊजी आमच्या घरात आले की नमस्कार नंतर करतात, आधी भिंतीवरचे फोटो तपासतात. कोटाच्या आतल्या खिशातून वीतभर लांबीची पितळी पाणसळ निघते. ती फोटोच्या चौकटीवर आडवी बसते, आणि काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत भाऊजी श्वास रोखून उभे राहतात. मग चौकट केसभर वर, केसभर खाली. "आता बरूबर. नमस्कार, वैनी."

मुलांनो, मागच्या उन्हाळ्यात तुम्ही टोरांटोहून लेस्टरला आलात, तेव्हा कॅरमबोर्डाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारत ज्या गृहस्थांनी तुम्हाला तासभर खेळूच दिलं नाही, ते हेच. "उतारावर जिंकलं तर जिंकणाऱ्यालाबी पटत न्हाई," असं ते तुम्हाला म्हणाले होते. तुम्ही फोनवर अजून त्यांची चौकशी करता, म्हणून हे नीट लिहून ठेवते आहे.

भाऊजी मूळचे सातारा जिल्ह्यातले, हाडाचे गवंडी. तरुणपणी इथे आले आणि कौन्सिलच्या रस्ते खात्यात तीस वर्षं फुटपाथाच्या कडेचे दगड बसवले. तुमच्या आजोबांचे ते आधी पेशंट होते, मग मित्र झाले. निवृत्त झाले, बायको गेली, तरी पाणसळ खिशातून गेली नाही. कुठल्याही वादात त्यांचं शेवटचं वाक्य एकच असतं: "बुडबुडा खोटं बोलत न्हाई." आजोबांनी एकदा आमचं जेवणाचं टेबल सरळच आहे असं छातीठोकपणे सांगितलं. भाऊजींनी पाणसळ ठेवली, एक वाटाणा ठेवला, आणि वाटाणा घरंगळत आजोबांच्या मांडीवर गेला. "डॉक्टरसाहेब, तुमचं औषध तुमच्यापाशी. टेबल माज्यापाशी."

बसणं म्हणून त्यांना ठाऊक नाही. चहासुद्धा उभ्याने पितात. मुलगी मिल्टन कीन्सला असते, कॉम्प्युटरमध्ये आहे. तिच्याकडे आठवडाभर राहायचं ठरवून गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. "गाव झकास आखलंय, वैनी. पर बघायला गेलं तर समदं आधीच सरळ. मी तिथं करू काय?"

रविवारी सकाळी मात्र ते ठरलेल्या जागी सापडतात. शहराच्या जुन्या दफनभूमीत एका कोपऱ्यात लढाईत गेलेल्या सैनिकांचे सरकारने दिलेले दगड आहेत. पांढरे, एकाच उंचीचे, एकाच मापाचे, वर पलटणीची खूण, खाली नंबर आणि नाव. भाऊजी तिथे जुना टूथब्रश आणि बाटलीभर पाणी घेऊन जातात, अक्षरांत साचलेलं शेवाळ काढतात. कुणी नातेवाईक आहे का, असं तिथल्या माळ्याने एकदा विचारलं. भाऊजी म्हणाले, "नो. इन्स्पेक्शन."

एकदा त्यांनी मलाही नेलं. मी हातमोजे घातले आणि एक रांग पुसली. भाऊजी माझ्या मागून प्रत्येक दगडावर पाणसळ ठेवत येत होते. शेवटच्या दगडापाशी थांबून म्हणाले, "वैनी, तुमचं इंग्रजी फस्क्लास. एक लेटर लिवायचं."

"कुणाला?"

"हे दगड देनाऱ्या सरकारी हापिसाला. माज्या बापाचा ऱ्हायलाय."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. भाऊजी वर्षाचेही नव्हते, तेव्हा त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले आणि तिथेच पडले. घरी एक कागद आला, इंग्रजीतला. गावात तो कुणालाच वाचता आला नाही. काय लिहिलं असेल ते न वाचताच सगळ्यांना कळलं. भाऊजींच्या आईने तो चिंधीत शिवून ठेवला. ती चिंधी दुसऱ्या दिवशी भाऊजींनी माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी शिवण उसवली. कागद घड्यांवर चार ठिकाणी फाटला होता, पण नंबर, पलटण आणि नाव स्वच्छ वाचता येत होतं.

तुम्हाला माहीत आहे, मी कागदपत्रांच्या बाबतीत शिस्तीची आहे. नवी फाइल काढली, तारीखवार खण केले आणि लिहायला बसले. भाऊजी खोलीभर फिरत मजकूर सांगत होते.

"लिवा. दगड तुम्ही पाठवा, बशीवतो मी. तुमची मान्सं नकोत."

"भाऊजी, सुरुवात जरा नम्र हवी."

"नम्र कशाला? बाप माजा मेलाय, त्यांचा न्हाई."

"आणि दगड बसवायचा कुठे?"

"माज्या दारात."

"अहो, घरापुढे कसा देतील? तो कबरीवर देतात."

"कबर दाखवा म्हनावं, मग तिथं बशीवतो. तवर दारात."

मी माझ्या पद्धतीने चार परिच्छेद लिहिले आणि कागदाची नक्कल जोडली. भाऊजींनी ते पत्र हातात घेतलं, वाचलं नाही. माझ्या टेबलावर ठेवून ओळी सरळ आल्या आहेत का तेवढं पट्टीने पाहिलं आणि सही केली.

मग वाट बघणं सुरू झालं. वाट बघण्यासारखं काम या माणसाला कधी कुणी दिलं नव्हतं. उत्तराचा पत्ता मी माझा दिला होता, त्यामुळे पोस्टमन आमच्या फाटकातून बाहेर पडला की भाऊजी आत शिरत. "आलं?" नाही म्हटलं की उरलेली सकाळ ते आमच्याकडे काढत. पहिल्या आठवड्यात त्यांनी आमचं वॉशिंग मशीन सरळ केलं. दुसऱ्या आठवड्यात बागेतली पक्ष्यांच्या दाण्याची फळी. तिसऱ्यात शेजाऱ्यांचं फाटक, न विचारता. आजोबा मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "ह्या माणसाला लवकर उत्तर येऊ दे. नाही तर पृथ्वीचा आस सरळ करील."

चौथ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या दारापुढच्या दोन पावलांच्या बागेत पाया खणायला घेतला. फूटभर खोल, तळाला खडी, तिच्यावर काँक्रीट नाही, कारण दगडाचं माप अजून कळलं नव्हतं. समोरच्या कांताबेन खिडकीतून ओरडल्या, "मोहितेभाई, कूवो खोदो छो?" विहीर खणताय का, म्हणून. भाऊजी खणत राहिले. पाऊस आला की खड्ड्यात पाणी साचायचं आणि भाऊजी वाडग्याने ते उपसायचे. रोज. मी म्हटलं, "भाऊजी, आधी उत्तर तर येऊ द्या." तर म्हणाले, "पाया तयार असला की दगडाला न्हाई म्हनता येत न्हाई."

उत्तर आलं ते मोठ्या पाकिटातून, आत पुठ्ठा घातलेला. भाऊजी माझ्या समोर उभेच होते. मी आधी मनात वाचलं. नंतर एकेक वाक्य मराठीत सांगितलं.

पत्र फार सौजन्याचं होतं. वडिलांचा नंबर आणि नाव त्यांच्या नोंदीत सापडलं होतं. इटलीत हिंदू सैनिकांवर त्यांच्या धर्माप्रमाणे अग्निसंस्कार झाले, त्यामुळे त्यांची वेगळी कबर नाही, आणि म्हणून वेगळा दगडही नाही. तिथल्या युद्धस्मारकाच्या भिंतीवर इतरांबरोबर त्यांचं नाव कोरलेलं आहे. घरापुढे लावण्यासाठी दगड देण्याची सोय नाही. सोबत भिंतीचा फोटो पाठवत आहोत.

भाऊजी खुर्चीवर बसले. आमच्या घरात मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहिलं.

फोटोत नावांची लांबच लांब उतरंड होती. मी त्यांच्या वडिलांच्या नावावर बोट ठेवलं. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "भिंत सरळ दिसती का हो?"

"सरळ आहे, भाऊजी."

"आसंल. सरकारी काम." मग फोटो पालथा ठेवून म्हणाले, "आईचा दगड सरळ न्हवता."

त्यांच्या गावात भैरोबाच्या देवळाशेजारी वीरगळ होते. तुम्ही ते पाहिले नसतील. लढाईत पडलेल्या माणसाच्या नावाने गावात दगड उभा करतात, तो वीरगळ. जुने दगड कोरीव होते. भाऊजींच्या आईला कोरून घेणं जमण्यासारखं नव्हतं. तिने नदीतला एक लांबट दगड डोक्यावरून आणला, त्या रांगेच्या शेवटी स्वतः रोवला आणि रोज त्याला पाणी घालू लागली. रोवणारी ती काही गवंडी नव्हती. दगड कलला.

"मी साताऱ्याला काम शिकलो, ही पाणसळ घेतली. पयली कशाला लावली असंल? बापाच्या दगडाला. हिकडं यायच्या आदल्या दिवशी. उकरला, पाया भरला, बुडबुडा मदोमद आणला. म्हनलं, आई खूश हुईल. ती रानातनं आली, बगितलं, आन म्हनली, 'हे काय केलंस, बाबा? ते घराकडं बगत हुते.'"

मी हातातलं पत्र टेबलावर ठेवलं.

"लई वर्सं मीबी बगत आल्तो, पर मला तो वाकडाच दिसायचा. म्हनलं, सकाळची गाडी हाय, परत आलो की कलवून देतो. चार वर्सांनी गेलो तवर आई न्हवती. देवळाचा सभामंडप वाढवलेला, फरशी घातलेली. दगड कुटं गेला, कुनालाच सांगता आलं न्हाई."

ते उठले, फोटो पाकिटात घातला आणि गेले. जाताना दिवाणखान्यातल्या एकाही चौकटीकडे त्यांनी पाहिलं नाही.

आठ दिवस ते आले नाहीत. वॉशिंग मशीन पुन्हा थडथडायला लागलं. आजोबा दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले. "मागच्या बागेत काहीतरी ठोकतोय, दार उघडत नाही," म्हणाले. नवव्या दिवशी फोन आला. "वैनी, या. दगड बसला."

आम्ही दोघं गेलो. समोरच्या खड्ड्यात फुटपाथाच्या कडेचा एक जुना ग्रॅनाइटचा दगड उभा होता. कुठलातरी रस्ता रुंद करताना निघालेला, किती वर्षं भाऊजींच्या मागच्या बागेत पडून होता. त्याची एक बाजू त्यांनी छिन्नीने तासून गुळगुळीत केली होती. ती कोरी होती.

"नाव नाही घातलंत?" आजोबांनी विचारलं.

"नाव तिकडं भिंतीवर हाय की. हितं नुसतं उभं ऱ्हायचं." त्यांनी खिशातून पाणसळ काढून माझ्या हातात दिली. "बगा लावून."

इतक्या वर्षांत त्यांनी ती कुणाच्या हातात दिलेली मी पाहिली नव्हती. मी त्यांच्यासारखाच श्वास रोखला आणि ती दगडाच्या माथ्यावर ठेवली. बुडबुडा सरकला, सरकला आणि नळीच्या टोकाला जाऊन चिकटून बसला.

"अहो भाऊजी, हा तर चांगलाच..." म्हणत मी दगड कुणीकडे कलला आहे ते पाहायला वळले. समोर त्यांचं दार होतं.

"म्हाईत हाय," भाऊजी म्हणाले. "आठ दिस लागले तेवढा कलवायला."

कांताबेन खिडकीत येऊन उभ्या होत्या. बाहेर बोचरं वारं होतं. भाऊजींनी भांड्यातलं पाणी दगडावर घातलं, हात कोटाला पुसले आणि चहा टाकायला आत गेले. जाताना दार त्यांनी उघडंच ठेवलं.