युसूफमामू आणि चमेलीची शू

तान्ह्या लेकराला माणूस "शूऽऽ" करवतो, ते ठीक. पण सकाळी सकाळी वाळूच्या टोपल्यापुढं उकिडवं बसून मांजरीला शू करवणारा माणूस साऱ्या संभाजीनगरात एकच. आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो.

युसूफमामू. वय माझ्याएवढंच, पण गल्ली मामू म्हणती म्हणून मीही म्हणतो. जन्मभर लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवली. त्यामुळं दम असा लांब, की त्यांची एक शू संपेस्तोवर माझा चहा निवतो.

चमेली ही त्यांची पांढरी मांजर. मामूंनी तोंड उघडलं की ती कान पाडायची, शेपूट फुगवायची आणि भिंतीवरून थेट माझ्या ओट्यावर. तिथं माझ्या घोंगडीवर काम उरकायची. आमच्या नळाला पाणी येतं आठवड्यानं. घोंगडी धुवायची कशानं?

"मामू, तुमची शू माझ्या घोंगडीवर येती!"

"मेरी नाय हो पाटील, चमेलीची," ते शांतपणे सांगायचे. "शरमाती जरा. होईल, होईल."

त्यांनी वाळू बदलली, टोपलं बदललं, एकदा तर सूरही बदलला. घोंगडीचा वास काही बदलला नाही. शेवटी मी सांगितलं, "शुक्रवारपर्यंत ती फुलंब्रीला तुमच्या बहिणीकडं गेली पायजे. नाय तर तुमच्या घरचा चहा मला बंद." मी चौथीच शिकलोय, पण एकदा बोललो की बोललो.

मामूंचं तोंड एवढंसं झालं. चमेलीला पिशवीत घालून निघाले जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं. मला म्हणाले, "चला. घोंगडी तुमची, बयान तुम्हीच द्या."

बाईंनी तपासलं. दुखणं काहीच नाही. "ती टोपल्यापाशी गेली की तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

मामूंनी छाती भरून करून दाखवलं. चमेली टेबलावरून थेट कपाटावर!

बाई हसू दाबत म्हणाल्या, "काका, मांजरं भांडताना असाच आवाज काढतात. तिला वाटतं, भला मोठा बोका अंगावर आला."

रिक्षात हसून हसून मला ठसका लागला. मामू पिशवी कुरवाळत म्हणाले, "सूनबाई नोकरीला जायची, तर नातीला, सनाला, मीच शू करवायचो. एकदा चुकली नाय पोरगी. आता पुण्याला असती. फोन केला की म्हणती, दादा, बाद में. जिंदगीत क्लॅरिनेट आन् हे, दोनच कामं जमली मला, पाटील."

आता मामू टोपल्याकडं पाठ करून उभे राहतात. मागं वाळू खरवडल्याचा आवाज झाला की गाल फुगतात, ओठांचा चंबू होतो, पण आवाज निघत नाही. चमेली काम आटपून ऐटीत निघून जाती, तेव्हा कुठं ते दम सोडतात. हळूच म्हणतात, "शाब्बास, सना."

मी ऐकलंच नाही असं करतो, आणि कोरड्या घोंगडीवरून ओरडतो, "मामू, चहा टाका!"